ओट्याखालची विहीर

पहार खाली गेली ती वर आलीच नाही.

रघु गवंडी बाकाचा पाय रोवण्यासाठी ओट्यात खड्डा पाडत होता. वरचं सिमेंट त्याने छिन्नीने फोडून काढलं, मग तळ सैल करायला दोन्ही हातांनी पहार उचलून आपटली. दह्यात बोट जावं तशी पहार आत गेली, त्याच्या हातांतून निसटली आणि दिसेनाशी झाली. क्षणभर काहीच नाही. मग खोल खालून आवाज आला, पाण्यात जड काहीतरी पडल्याचा.

जानेवारीतल्या रविवारची सकाळ होती. शहाड स्टेशनच्या मागे, नदीच्या अंगाला तुळजाई चाळ आहे. तिच्या ओट्यावर त्या वेळी अकरा माणसं होती. कोणी विटा रचत होतं, कोणी चहा वाटत होतं, दोघीजणी कुंड्यांना गेरू लावत बसल्या होत्या. सगळ्यांच्या मधोमध, हातात मंजुरीचा कागद घेऊन मंदाकिनीबाई उभ्या होत्या. आवाज त्यांनीही ऐकला, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरेना. ओट्याखाली पाणी कुठलं? ओटा म्हणजे जमीन. गेली तीस वर्षं ती जमीनच होती.

रघु वाकून भोकात बघायला गेला आणि तसाच गुडघ्यांवर मागे सरकू लागला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई, खाली काय नाय," तो म्हणाला. "खाली काहीच नाय."

चाळीतला सुदेश स्टेशनवर रिक्षा चालवतो. सगळ्यांत आधी त्याला उमगलं. "कोणी पळू नका," तो अगदी हळू बोलला. "एकेक करून उतरा. बायका आधी. आणि पाय आपटू नका कोणी."

अकरा माणसं पाऊल मोजत, श्वास धरून उतरली. ओटा रस्त्यापासून जेमतेम दीड फूट उंच, पण ती एवढी पायरी उतरल्यावर मंदाकिनीबाई समोरच्या घराच्या उंबऱ्यावर मटकन बसल्या. हातातला कागद चुरगळून गेला होता. चहा कपांत तसाच थंड झाला.

मंदाकिनीबाईंचं वय सदुसष्ट. माहेर आणि सासर दोन्ही साताऱ्याकडचं. नवरा धोंडीबा गवंडी होता. लहानग्या रत्नदीपला कडेवर घेऊन दोघं इकडे आली, कळव्यात आणि डोंबिवलीत भाड्याच्या खोल्यांत दिवस काढले, आणि चौऱ्याण्णव साली शहाडला या चाळीत स्वतःची खोली झाली. चाळ बांधली गावातल्या काळुराम शेतकऱ्याने, आपल्या भाताच्या शेतात. बांधकामावर तीन-चार गवंडी होते, धोंडीबा त्यांतला एक. दुसऱ्या वर्षी पहिल्या खोलीत अंगणवाडी निघाली, तिथे बाई सेविका म्हणून लागल्या आणि पासष्टाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. आता तिशी-पस्तिशीत असलेल्या चाळीतल्या बहुतेकांना "क" कसा काढायचा ते त्यांनी शिकवलेलं. त्यामुळे दाढी-मिशा आलेले बाप्येसुद्धा त्यांना बाईच म्हणत. धोंडीबा करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. रत्नदीप लग्न करून डोंबिवलीला राहायला गेला होता. "आई, ये इकडे," असं तो दर रविवारी म्हणायचा आणि दर रविवारी बाई म्हणायच्या, "बघू."

अंगणवाडीची खोली दहा बाय दहाची. तिथे तीस मुलं बसवायची तर एकाच्या मांडीवर दुसरं. म्हणून बाईंची शाळा भरायची ती समोरच्या ओट्यावर. चांगला वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, गुळगुळीत सिमेंटचा. गाणी तिथे, खिचडी तिथे, बेडूकउड्या तिथे, पंधरा ऑगस्टचा झेंडा तिथे. संध्याकाळी त्याच ओट्यावर बायका भाजी निवडायच्या, पोरं क्रिकेट खेळायची. चाळीला अंगण असं दुसरं नव्हतंच.

दिवाळीनंतर बचत गटाच्या बैठकीला संचिता नावाची मुलगी आली. ठाण्यात माजिवड्याला तिच्या संस्थेचं ऑफिस होतं. वस्तीतल्या लोकांनी आपल्या वस्तीसाठी एखादं लहानसं काम ठरवायचं आणि स्वतः उभं राहून करायचं, संस्था त्यासाठी थोडी रक्कम देणार, अशी योजना तिने सांगितली.

"ठेकेदार कोणाचा?" सुदेशने विचारलं.

"कोणाचाच नाही. तुमचाच गवंडी, तुमचीच देखरेख."

"आणि बोर्डावर फोटो?" सोनल म्हणाली. सोनल बाईंची जुनी विद्यार्थिनी. तिची चार वर्षांची मुलगी आता त्याच अंगणवाडीत जात होती.

"फोटो नाही. चाळीचं नाव."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तीस वर्षांत त्यांना काय हवंय हे कोणी विचारलं नव्हतं. जे मिळायचं ते निवडणुकीच्या आधी मिळायचं, आणि बहुतेक वेळा तो पेव्हर ब्लॉकच असायचा. अर्ज बाईंनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिला. ओट्यावर सहा बाक, वर पत्र्याची सावली, कडेने कठडा, चार कुंड्या. सुदेशने घरोघर हिंडून सह्या घेतल्या. पन्नास हजारांची मंजुरी आली त्या दिवशी बाईंनी चाळीत शिरा वाटला.

आणि आता त्याच ओट्याला भोक पडलं होतं आणि त्यातून गार, कुबट वारा वर येत होता.

दुपारी सुदेशने मोबाईलची बॅटरी लावली, रेकॉर्डिंग चालू केलं आणि लांब बांबूला फोन बांधून तो भोकातून आत सोडला. बाहेर काढून त्याने आधी स्वतः पाहिलं आणि मग फोन बाईंच्या हातात दिला.

त्यात एक विहीर होती. गोल, काळ्या दगडांनी बांधलेली, दहा-बारा फूट रुंद. पंधराएक फुटांवर पाणी, त्यात बॅटरीचा उजेड हलताना दिसत होता. मग फोन गिरक्या घेत वर वळला आणि ओट्याची खालची बाजू दिसली. सिमेंट गळून पडलेलं. गंजलेल्या सळया वेलीसारख्या लोंबत होत्या. काही मधूनच तुटलेल्या.

बाईंनी ते एकदाच पाहिलं. दुसऱ्यांदा बघायची हिंमत झाली नाही. त्या घरी आल्या, कडी लावली आणि पलंगावर बसल्या. डोळ्यांपुढे सारखं एकच येत होतं. तीस मुलं, तीन ओळी, कमरेवर हात. आणि त्यांचा स्वतःचाच खणखणीत आवाज: "चला, सगळ्यांनी एकदम. एक, दोन, तीन." साठ पावलं एकदम ओट्यावर पडायची. जी पोरं कमी जोर लावायची त्यांना त्या परत उडी मारायला लावायच्या. सत्तावीस वर्षं. त्या संध्याकाळी त्यांच्या घशाखाली पाण्याचा घोटसुद्धा उतरेना. पाणी बघितलं की त्यात तो उजेड हलायचा.

मंगळवारी संचिता आपल्याबरोबर वैशाली नावाच्या इंजिनिअर बाईंना घेऊन आली. सुदेशने ओट्याभोवती दोरी बांधून ठेवली होती आणि सगळी चाळ दोरीबाहेर उभी होती. वैशालीबाईंनी फळी आडवी टाकून, तीवर पोटावर पडून भोकाच्या कडा तपासल्या, पट्टीने मापं घेतली. मग उठून कपडे झटकत त्या सांगू लागल्या.

"मूळ स्लॅब चार इंचांचा आहे. एवढ्या रुंदीला तो तेव्हाही अपुरा होता. तात्पुरता टाकला असावा. पण त्याच्यावर अकरा थर आहेत. वेगवेगळ्या वेळी कोणीतरी सिमेंटचा गिलावा चढवत गेलंय. बघा, हा एक लाल थर आहे, यात रंग घातलाय."

"मग त्याने मजबुती आली असेल ना?" कोणीतरी विचारलं.

"उलट. खालच्या सळया कुजत गेल्या आणि वरून वजन वाढत गेलं. ज्याने केलं त्याने चांगल्या मनाने केलं असेल, पण भार घातला. हा इतकी वर्षं कसा टिकला, मला सांगता येणार नाही."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. "कुठल्या हरामखोराने ही अशी झाकली?" सुदेश मोठ्याने म्हणाला. "सापडला पाहिजे तो. पोरं खेळतात इथे."

बाई त्या लाल थराकडे बघत राहिल्या. तो थर त्यांना ठाऊक होता. रत्नदीप दहावी झाला त्या मे महिन्यात धोंडीबाने सिमेंटमध्ये लाल रंग कालवून ओट्याला लावला होता. "पोरांना छान दिसेल," म्हणाला होता. दोन-तीन वर्षांनी एकदा, पाऊस लागायच्या आधी, कोणी न सांगता तो थापी घेऊन ओट्यावर बसायचा. मजुरी घ्यायचा नाही. बाई सगळ्यांना अभिमानाने सांगायच्या, माझ्या शाळेसाठी करतो.

त्यांनी मोजून बघितलं. अकरा होतात.

त्या गर्दीतून बाजूला झाल्या आणि कोणाला न सांगता गावाकडे चालू लागल्या. काळुराम जाऊन पंधरा वर्षं झाली होती, पण त्याची बायको सखुबाई होती. उरलेल्या शेताच्या जागी आता तिच्या मुलाचा, धनेशचा, तीनमजली बंगला उभा होता. चौऱ्याऐंशी वर्षांची सखुबाई व्हरांड्यात खुर्चीवर बसून सुकटीतला कचरा निवडत होती. बाईंना बघून तिने ताट खाली ठेवलं.

"ये गो बाय. मना वाटलाच तू येशील. धनेश सांगत हुता, बाव उघरली म्हनून."

"विहीर तुमची होती?"

"आमचीच. माज्या सासऱ्यानी खनलेली. पानी काय गोर हुता. चाल बांधली तवा आमचे धनी बोलले, बुजवून टाकू. सासरा बोलला, बाव बुजवायची नाय, वंशाला पाप लागंल. मंग काय करतील? वरशी झाकली."

"कोणी झाकली?"

सखुबाईने बाईंकडे नीट निरखून पाहिलं. "तुना खरंच ठावं नाय?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"तुज्या घोवानी," सखुबाई म्हणाली. "तो बोलत हुता, काळूशेट, यो टिकनार नाय, जास्तीची सळई द्या. आमचे धनी बोलले, एकच वरीस काढ, बापूस म्हातारा हाय, त्याचे मागारी भरून टाकू. आनि त्याचे मजुरीत तुमाना खोली दिली."

ती खोली. स्वतःची पहिली खोली. तिच्या उंबऱ्याला त्यांनी हळद-कुंकू वाहिलं होतं, आणि धोंडीबा त्या दिवशी जेवला नव्हता. उन्हाने डोकं दुखतंय, म्हणाला होता.

"सासरा मेला, पन धनी काय भरीनात," सखुबाई सांगत राहिली. "तुजा धोंडीबा दर साली यायचा, पावसाचे आदी. आता भरा, आता भरा, पोरा खेलतान. धनी बोलायचे, बघू. मंग त्यो सिमेटची गोनी मागायचा. धनी गेल्यावर माज्याकडं आला. मी गोनी दिली. मना वाटला, तुमाना समद्यांना ठावं आसंल. नवरा-बायकोत काय लपतं गो?"

बाई व्हरांड्याच्या पायऱ्या उतरल्या. घरी कशा आल्या ते त्यांना नंतर आठवेना.

त्यानंतरचे दिवस त्यांनी आठवण्यात घालवले, आणि प्रत्येक आठवण उलटी होऊन समोर येत होती. पंधरा ऑगस्टला धोंडीबा नेहमी रस्त्यावर उभा राहायचा, ओट्यावर यायचा नाही. बाईंना वाटायचं, बुजरा आहे. गणपतीचा मांडव ओट्यावर घालायची गोष्ट निघाली की तो आडवा यायचा. एकदा म्हणाला होता, "मुलांना उड्या मारायला लावत जाऊ नकोस. गुडघे दुखतात." बाई हसल्या होत्या. "चार वर्षांच्या पोरांचे गुडघे?" आणि एकदा, दोन हजार पाच साली असेल, त्याने अंगणवाडी देवळाच्या सभामंडपात हलव म्हणून हट्ट धरला होता. कारण विचारलं तर सांगेना. बाई भडकल्या होत्या. माझी शाळा आहे, मी ठरवीन कुठे भरवायची ते. तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी तो थापी घेऊन ओट्यावर बसलेला दिसला आणि बाईंना वाटलं, माफी मागतोय.

एक शब्द. एक शब्द बोलला असता तर. चाळीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्या माणसाला मी ओळखत नव्हते, हे त्यांना कोणी दुसऱ्याने सांगितलं असतं तर त्यांनी त्याच्या तोंडात मारली असती.

त्यांनी रत्नदीपला फोन करून सगळं सांगितलं.

"आई, बाबांनी मला आयुष्यात एकदाच मारलंय," तो म्हणाला. "आठवतं? मी ओट्यावर बॅट आपटत होतो. ऐकू येतं का बघ, ढम ढम वाजतंय, असं मी त्यांना सांगायला गेलो. फाडकन कानाखाली दिली. मग मला उचलून घेतलं आणि स्वतःच रडले. मला तेव्हा काही कळलंच नव्हतं."

"मी रविवारी सांगणार आहे सगळ्यांना."

"कशाला? आता बाबा नाहीत, तो काळुशेठ नाही. तुला त्याच लोकांत राहायचंय. कोण विचारतंय तुला?"

"कोणी नाही विचारत," बाई म्हणाल्या. "म्हणूनच."

रविवारी चाळीची सभा बोळातच भरली, घरांतून आणलेल्या खुर्च्यांवर. संचिता आली होती. धनेशही गाडी लावून आला होता. उभ्या उभ्याच तो म्हणाला, "दोन डंपर डेब्रिज टाकतो, आज संध्याकाळी भरून देतो. विषय संपला. उगाच पालिकेपर्यंत कशाला न्यायचं?"

"काय करायचं ते रहिवाशांनी ठरवायचंय," संचिता म्हणाली. "बाकांऐवजी हे काम घ्यायचं असेल तर ठराव लिहून द्या. रक्कम त्यासाठी वापरता येईल, मी ऑफिसात बोलले आहे."

"ते नंतर," सुदेश उठला. "आधी ज्या गवंड्याने हे केलं त्याचं नाव पायजे. धनेशशेठ, तुमच्या घरच्यांना माहीत असणार. आपल्या सगळ्यांना मारायला निघालेला माणूस कोण होता ते कळू दे."

धनेशने एकदा मंदाकिनीबाईंकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. तेवढी भीड त्याने ठेवली. बाई उठून उभ्या राहिल्या. पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"तो गवंडी म्हणजे रत्नदीपचे बाबा," त्या म्हणाल्या. "खाली विहीर आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वरचे अकरा थर त्यांचेच. मला माहीत नव्हतं, मंगळवारी कळलं. मी ज्या खोलीत राहते ती त्यांना त्या कामाच्या मजुरीत मिळाली. आणि त्यांनी मुलांना उड्या मारायला लावू नको सांगितलं तेव्हा मी हसले होते. हे तुम्हाला माहीत असायला पाहिजे, म्हणून सांगितलं."

सुदेशचं तोंड उघडंच राहिलं. लहानपणी धोंडीबाच्या खांद्यावर बसून तो जत्रा बघायला गेला होता. त्याने खुर्ची चाचपली आणि तो खाली बसला. सोनल मात्र उभी राहिली. तिची मुलगी तिच्या कमरेला बिलगून होती.

"माझी पोरगी पहार पडली त्याच्या आदल्या शुक्रवारीच नाचत होती तिथे," सोनल म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिने. "बाई, मीसुद्धा उड्या मारल्यात तिथे. तुम्ही मला पुढच्या ओळीत उभं करायचा."

तिने मुलीला उचललं आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

ठराव झाला. विहीर बुजवायची नाही, स्लॅब उतरवायचा, वर लोखंडी जाळी आणि भोवती कठडा. पण त्या दिवसापासून बाईंच्या दाराशी कोणी फिरकेना. कढीपत्ता मागायला येणारी शेजारीण बाजारातून आणू लागली. सुदेश समोर आला की मान डोलवून पुढे जायचा. कोणी वाईट बोललं नाही. बोललं असतं तर बरं, असं बाईंना वाटायचं. चाळीला बसलेला धक्का त्यांना प्रत्येक दारात दिसत होता: माणसं चालताना पाय हळू टाकत, आणि आयांनी पोरांची मनगटं सोडली नव्हती.

आठवड्याने रघु गवंडी आला. तो दारातच चप्पल घालून उभा राहिला, आत यायला तयार होईना.

"बाई, धोंडीबाकाकांना लोक काय काय बोलतात, मी ऐकतो," तो म्हणाला. "पण तुम्ही बोललात त्या दिवसापासून मला झोप नाय. मीपण एक झाकलीय. कोलशेतला, खाडीकडे. जुनी टाकी होती, मोठी. मालक बोलला, सध्यापुरती झाक, नंतर बघू. सहा वर्षं झाली. आता तिथे गाड्या लावतात."

बाई उंबऱ्यापर्यंत पुढे आल्या. "तू कोणाला सांगितलंस?"

"नाय. कोण विचारायला आलंय?"

"रघु," त्या म्हणाल्या, "मी तुझ्याबरोबर येऊ का?"

दुसऱ्या दिवशी दोघं कोलशेतला गेली. तिथल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी हे काहीतरी पैसे उकळायचं निमित्त वाटलं. मग बाईंनी सुदेशने काढलेला व्हिडिओ त्यांच्यासमोर धरला. सेक्रेटरींनी तो पूर्ण बघितला, चष्मा काढला आणि वॉचमनला हाक मारून त्या भागातल्या गाड्या हलवायला सांगितल्या. परत येताना रिक्षात रघु रडत होता. बाईंनी त्याला रडू दिलं.

फेब्रुवारीत स्लॅब उतरवला. बाहेरून फळ्या टाकून, तुकड्या-तुकड्याने, वैशालीबाई स्वतः उभ्या होत्या. शेवटचा मधला भाग कोणी हात लावायच्या आधीच, ब्रेकरच्या नुसत्या हादऱ्याने सुटला आणि पाण्यात कोसळला. पाणी काठापर्यंत उसळलं. बघायला उभी असलेली सगळी माणसं एकदम मागे सरकली. एका म्हातारबांनी हात जोडले. सुदेश बाईंच्या शेजारीच उभा होता. किती दिवसांनी तो बोलला, "बाई, हे आपल्या पायाखाली होतं."

गाळ काढल्यावर विहिरीची दगडी बांधणी जशीच्या तशी निघाली. पाणी तपासलं, प्यायला नाही, पण धुण्या-भांड्याला चालेल असा अहवाल आला. जाळी बसली, मोटर बसली, कठडा झाला, उरलेल्या रकमेत सहाच्या जागी तीन बाक झाले. अंगणवाडी देवळाच्या सभामंडपात गेली. सखुबाई नातवाच्या हाताला धरून आली, तिने नारळ फोडला, जाळीतून पाण्याकडे बघत "आमची बाव, आमची बाव" म्हणत राहिली. कठड्यावर धोंडीबाचं नाव घालावं असं कोणीतरी सुचवलं, तसं चांगल्याच मनाने. बाई म्हणाल्या, "नको." इतक्या तुटकपणे की पुन्हा कोणी विषय काढला नाही.

सोनल एप्रिलात आली. नळाला पाणी नव्हतं आणि विहिरीची मोटर चालू करायला किल्ली बाईंकडे असायची. किल्ली घेताना ती म्हणाली, "तुम्ही कधी विचारलं नाही त्यांना? सिमेंट का लावता म्हणून?"

"नाही."

"मीपण नसतं विचारलं," सोनल म्हणाली आणि बादल्या घेऊन गेली. तेवढंच. पण त्यानंतर किल्ली मागायला तीच यायला लागली.

मे महिन्यात रत्नदीपने बाईंना डोंबिवलीला नेलं. नवीन टॉवर, सातव्या मजल्यावर घर, आणि दोन इमारतींच्या मध्ये मुलांसाठी बाग. संध्याकाळी नात समृद्धी त्यांना बागेत घेऊन गेली. हिरवळ होती, घसरगुंडी होती, पंधरा-वीस मुलं धावत होती. बाई चार पावलं चालल्या आणि थबकल्या. हिरवळीच्या कडेला सिमेंटमध्ये एक लोखंडी झडप होती.

"याच्याखाली काय आहे?" त्यांनी वॉचमनला विचारलं.

"पार्किंग आहे आजी. दोन मजले पार्किंग."

"दाखव मला."

"आजी, चल ना," समृद्धी हात ओढत होती. पण बाई हलेनात. वॉचमनने शेवटी त्यांना लिफ्टने खाली नेलं. तळघरात ट्यूबलाइट जळत होत्या, गाड्या ओळीने उभ्या होत्या. बाई सावकाश चालत मधोमध गेल्या. त्यांनी खांब मोजले, एकाला हात लावून पाहिला, तो त्यांच्या कवेत मावणार नाही इतका जाड होता. मग मान वर करून छताकडे बघत राहिल्या. एक सळई कुठे दिसतेय का, ओल कुठे आहे का. वरून धावण्याचा आवाज ऐकू येत होता. कोणीतरी उड्या मारत होतं.

"झालं का आजी?" वॉचमनने विचारलं.

"थांब जरा," बाई म्हणाल्या आणि पुढच्या खांबाकडे गेल्या.